निठारी : नोंद न झालेल्या मुलांचा इतिहास

२९ डिसेंबर २००६ रोजी नोएडातल्या सेक्टर ३१ मध्ये डी-५ क्रमांकाच्या बंगल्यामागच्या नाल्यातून मानवी हाडे आणि कवट्या बाहेर निघू लागल्या. चार-दोन दिवसांत निठारी हे नाव देशभर झाले. वृत्तवाहिन्यांनी त्या बंगल्याला भयपटात शोभतील अशी नावे दिली, आणि आज जवळपास वीस वर्षांनी निठारी म्हटले की बहुतेकांना तो बंगला आणि त्यात राहणारी दोन माणसेच आठवतात. नाल्याकाठी जमलेल्या आईबापांचा राग मात्र केवळ बंगल्यावर नव्हता. तो सेक्टर २० च्या पोलीस ठाण्यावरही होता. मुले नाहीशी होऊ लागली त्याला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. आईबाप त्या ठाण्याच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढले होते, आणि बहुतेकांच्या हाती साधी नोंदही पडली नव्हती.

निठारीचा इतिहास म्हणून सहसा सांगितला जातो तो गुन्ह्याचा, आणि तो अजून अपुरा आहे; कदाचित अपुराच राहील. पण त्या गुन्ह्याला लागून दुसरा एक इतिहास आहे, आणि त्याचे कागद उपलब्ध आहेत. हरवलेल्या मुलाची तक्रार पोलीस कशी घेतात, ती घेतली नाही तर लोक काय करतात, आणि लोकांच्या क्षोभातून पुढे काय उभे राहते, काय राहत नाही, याचा तो इतिहास आहे. या लेखात तो मांडायचा आहे.

शहराच्या पोटातले गाव

नोएडाचा जन्म आणीबाणीतला. एप्रिल १९७६ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी' स्थापन केली आणि तिच्या आद्याक्षरांवरून शहराचे नाव पडले. दिल्लीच्या वेशीवर, यमुनेपलीकडे, शेतजमिनी संपादन करून चौकोनी सेक्टर आखले गेले. जमिनी गेल्या, गावे राहिली. निठारी हे असेच सेक्टर ३१ च्या पोटात अडकलेले गाव. जुन्या जमीनमालकांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या आणि त्या खोल्यांत बंगालमधून, बिहारमधून, उत्तर प्रदेशाच्या इतर जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहू लागली. पुरुष रिक्षा ओढत, मजुरी करत, कपड्यांना इस्त्री करत. बाया सेक्टरमधल्या बंगल्यांत धुणीभांडी करत.

अशा वस्तीत मुले दिवसभर आईबापांच्या नजरेआड असतात. यात निष्काळजीपणा नसतो. ती कामाच्या वेळांची सक्ती असते. डी-५ च्या जवळच एक जोडपे इस्त्रीचे टेबल लावून बसत असे. त्यांचीही मुलगी हरवलेल्यांत होती. ज्या घरांचे कपडे ही माणसे इस्त्री करत, त्या घरांत आणि त्यांच्या खोल्यांत अंतर काही पावलांचे होते. पण ठाण्यात गेल्यावर ते अंतर किती मोठे आहे हे कळत असे.

२००५ च्या सुरुवातीपासून निठारीतली मुले नाहीशी होत गेली. बहुतेक मुली होत्या, काही मुलगे. आईबापांनी पुढे पत्रकारांना, चौकशी समित्यांना आणि न्यायालयांना जे सांगितले, त्यात एक उत्तर वारंवार येते. मुलगी जरा मोठी असेल तर 'कुणाबरोबर तरी पळून गेली असेल', आणि लहान असेल तर 'वाट चुकली असेल, येईल, तुम्हीच शोधा'.

'पळून गेली असेल'

हे उत्तर निर्दय होतेच; पण ते कायद्यालाही धरून नव्हते. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंडविधानाच्या कलम ३६१ नुसार अठरा वर्षांखालील मुलीला किंवा सोळा वर्षांखालील मुलाला पालकांच्या संमतीवाचून त्यांच्या ताब्यातून नेणे किंवा फूस लावून नेणे हे अपहरण होते. त्यात मुलाच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. 'ती आपण होऊन गेली' हे पोलिसांचे म्हणणे खरे मानले, तरी बारा-चौदा वर्षांच्या मुलीला कुणीतरी नेले असण्याचा संशय उरतो, आणि अपहरण हा दखलपात्र गुन्हा होता. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ प्रमाणे ती लिहून घेणे ठाणे अंमलदारावर बंधनकारक होते.

प्रत्यक्षात देशभरातल्या ठाण्यांत एक पळवाट रूढ होती. व्यक्ती हरवल्याची खबर वेगळ्या नोंदवहीत लिहायची. उत्तर प्रदेशात तिला 'गुमशुदगी' म्हणतात, आपल्याकडे सरळ 'मिसिंग'. ही नोंद आणि एफआयआर या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. एफआयआर झाली की गुन्ह्याला क्रमांक पडतो, त्याची प्रत दंडाधिकाऱ्याकडे जाते, तपास अधिकारी नेमला जातो आणि तपास कुठे थांबला याचे उत्तर कुणाला तरी द्यावे लागते. हरवल्याच्या नोंदीतून यातले काहीच आपोआप घडत नाही. ती वहीत पडून राहू शकते. निठारीतल्या कित्येक आईबापांच्या वाट्याला ही दुय्यम नोंदसुद्धा आली नाही.

यामागे केवळ वैयक्तिक आळस होता असे म्हटले तर ते पोलिसांवर अन्याय करणारे आणि त्याच वेळी त्यांना सोडून देणारेही ठरेल. गुन्ह्यांचे आकडे वाढले की ठाणेदाराला जाब विचारला जातो. नोंदच झाली नाही तर आकडा वाढत नाही. आपल्याकडे राज्याराज्यांतले गृहमंत्री विधिमंडळात गुन्हे घटल्याचे आकडे वाचून दाखवतात, तेव्हा हाच हिशोब खाली ठाण्यापर्यंत झिरपलेला असतो. त्यातही कुणाची तक्रार टाळली तर काही बिघडणार नाही, हे ठाण्याला अनुभवाने ठाऊक असते. इस्त्रीवाल्याची, मोलकरणीची, रिक्षावाल्याची तक्रार त्यात आधी येते.

हा प्रश्न देशाला अपरिचित होता असेही नाही. होरीलाल विरुद्ध पोलीस आयुक्त, दिल्ली या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००२ मध्येच बेपत्ता अल्पवयीन मुलींच्या शोधासाठी सूचना दिल्या होत्या. छायाचित्र आठवड्याच्या आत वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर द्यावे, शेजारीपाजारी आणि शाळेत चौकशी करावी, रुग्णालये व शवागारे तपासावीत, अशी ती यादी होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने करवून घेतलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी वाहतुकीवरच्या संशोधनात वर्षाला सरासरी ४४ हजारांहून अधिक मुले हरवल्याची नोंद होते आणि त्यांतली सुमारे ११ हजार सापडतच नाहीत, असे आढळले होते. निठारीतली मुले नाहीशी होत होती त्या काळात ही सूचनांची यादी आणि हे आकडे सरकारदरबारी होते.

नोव्हेंबर २००६ : एक तुलना

निठारीचे प्रकरण फुटण्याआधी सहा आठवडे, १३ नोव्हेंबर २००६ रोजी, नोएडातच एका तीन वर्षांच्या मुलाचे अपहरण झाले. त्याचे वडील एका बहुराष्ट्रीय सॉफ्टवेअर कंपनीच्या भारतातील शाखेचे प्रमुख होते. त्या मुलाचा शोध घेण्यासाठी पोलिसांची पथकेच्या पथके कामाला लागली, वाहिन्यांनी दिवसरात्र वार्तांकन केले, राज्यातले राजकीय नेते लक्ष घालू लागले. चारच दिवसांत, १७ नोव्हेंबरला, मूल सुखरूप घरी आले.

तो मुलगा परत आला याचा आनंद निठारीतही झाला असेल. पण डिसेंबरच्या शेवटी नाल्यातून कवट्या निघाल्यावर ही दोन प्रकरणे लोकांच्या मनात शेजारी शेजारी उभी राहिली. एकच जिल्हा, एकच पोलीस दल, एका मुलासाठी चार दिवस आणि इतक्या मुलांसाठी दोन वर्षे. पोलिसांना शोध घेता येत नाही, मनुष्यबळ नाही, साधने नाहीत, ही नेहमीची सबब नोव्हेंबरने निकालात काढली होती. शोध घेता येत होता. तो कुणासाठी घ्यायचा हे ठरवले जात होते. निठारीच्या लोकक्षोभाला जी धार आली ती या तुलनेतून आली.

प्रकरण उघडकीस आले तेही पोलिसांच्या तत्परतेमुळे नव्हे. मे २००६ मध्ये एक तरुणी बेपत्ता झाली. तिच्या वडिलांनी ठाण्यात खेटे घातले आणि दाद लागेना तेव्हा न्यायालयाची वाट धरली. ऑक्टोबरमध्ये गुन्हा नोंदला गेला. गुन्हा नोंदला म्हणून तपास झाला. तपासात तिच्या मोबाइलचा माग लागला. त्या मागावरून पोलीस डी-५ मधल्या नोकरापर्यंत पोचले. एका एफआयआरने एवढे घडवले. ती पहिल्या मुलीच्या वेळीच झाली असती तर, हा प्रश्न निठारीतल्या प्रत्येक घराने विचारला आणि त्याचे उत्तर द्यायला कुणी पुढे आले नाही.

दिल्लीचे १९७८

मुलांच्या बाबतीत पोलीस कमी पडले म्हणून राजधानी परिसर पेटून उठण्याची ही पहिली वेळ नव्हती. २६ ऑगस्ट १९७८ रोजी नौदल अधिकाऱ्याची दोन मुले, गीता आणि संजय चोप्रा, आकाशवाणीवर कार्यक्रमासाठी निघाली आणि पोचली नाहीत. धावत्या मोटारीत मुले झटापट करत असल्याचे रस्त्यावरच्या लोकांनी पाहिले होते. पोलिसांना तसे कळवलेही होते. पण खबर कोणत्या ठाण्याच्या हद्दीतली या घोळात अडकली. दोन दिवसांनी दोघांचे मृतदेह सापडले.

त्या वेळी दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी निदर्शकांशी बोलायला गेले असता त्यांच्या कपाळावर दगड बसला. सप्टेंबरमध्ये रंगा आणि बिल्ला हे दोघे आरोपी रेल्वेत लष्करी जवानांच्या डब्यात शिरले आणि ओळखले गेले. जानेवारी १९८२ मध्ये त्यांना फाशी झाली. शूर बालकांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत गीता आणि संजय यांची नावे कायमची जोडली गेली.

१९७८ आणि २००६ यांत साम्य आहे ते पोलिसांच्या पहिल्या प्रतिसादाचे. फरक आहे तो क्षोभाच्या वेळेचा. १९७८ मध्ये देश दोन दिवसांत हलला, कारण ती मुले मध्यमवर्गाला आपली वाटत होती. निठारीत मुले दोन वर्षे हरवत होती आणि शेजारच्या सेक्टरमध्येही फारशी हालचाल झाली नव्हती. तिथल्या रहिवासी संघाच्या एका माजी पदाधिकाऱ्याने या पालकांना साथ दिली, हा अपवाद. बाकीचा मध्यमवर्ग जागा झाला तो हाडे दिसल्यावर. लोकक्षोभ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण कुणाच्या मुलासाठी कोण कधी क्षुब्ध होतो याचीही एक उतरंड असते.

क्षोभाचे दिवस

२००६ चे शेवटचे आणि २००७ चे पहिले दिवस निठारीत दगडफेकीचे होते. बंगल्यावर दगड पडले, पोलिसांशी झटापटी झाल्या. पालक मुलांचे फोटो हातात धरून नाल्याकाठी उभे होते. नाला उपसण्याचे कामही काही प्रमाणात गावकऱ्यांनी स्वतःच केले. ही गोष्ट पुढे खटल्यात फार महत्त्वाची ठरणार होती.

राज्यात मुलायमसिंह यादव यांचे सरकार होते. सत्ताधारी पक्षातल्या एका ज्येष्ठ मंत्र्याने ही नेहमीची किरकोळ घटना असल्याच्या आशयाचे विधान केले आणि आगीत तेल ओतले. सरकारने भरपाई जाहीर केली, ती वाढवली. दोन पोलीस अधीक्षक निलंबित झाले, सहा पोलीस बडतर्फ झाले. जानेवारीत तपास सीबीआयकडे गेला. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नेमलेल्या समितीने स्थानिक पोलिसांच्या निष्काळजीपणावर ठपका ठेवला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने पी. सी. शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली हरवलेल्या मुलांविषयी समिती नेमली. तिने हा विषय पोलिसांनी प्राधान्याचा मानावा आणि ठाण्यात त्यासाठी स्वतंत्र पथक असावे अशा शिफारशी केल्या. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत मायावतींच्या बहुजन समाज पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या. त्या विजयाची कारणे अनेक होती. पण कायदा-सुव्यवस्थेचा मुद्दा प्रचारात अग्रभागी होता आणि निठारीचे नाव त्यात येत राहिले.

एवढे पाहिले तर क्षोभाने काम केले असे वाटते. नोंद न घेणारे घरी गेले, तपास वरिष्ठ यंत्रणेकडे गेला, सरकार बदलले. पण क्षोभाची दुसरी बाजू त्याच आठवड्यांत आकार घेत होती.

घाईची किंमत

लोकांना उत्तर हवे होते आणि ते ताबडतोब हवे होते. वाहिन्यांनी ते दिले. बंगल्याचा मालक मोनिंदर सिंग पंधेर आणि नोकर सुरिंदर कोली यांच्याविषयी रोज नवे, आदल्या दिवसापेक्षा भीषण तपशील सांगितले जाऊ लागले. त्यांतले किती पुराव्यावर उभे आहेत हे विचारण्याची कुणाला सवड नव्हती. गांधीनगरला नार्को चाचण्या झाल्या आणि त्यांतली कथित वक्तव्ये बातम्यांत झळकली. २५ जानेवारी २००७ रोजी गाझियाबादच्या न्यायालयाच्या आवारात दोघा आरोपींना जमावाने मारहाण केली, आणि त्यात वकील होते. १ मार्चला, साठ दिवसांच्या पोलीस कोठडीनंतर, कोलीचा कबुलीजबाब दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवला गेला.

हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या डीएनए तपासणीने अनेक मुलांची ओळख पटली. कुणाची मुले होती हे त्यातून कळले; कुणी मारले हे कळत नाही. त्यासाठी पुराव्यांची साखळी लागते, आणि ती साखळी बहुतांशी कबुलीजबाबावर आणि नाल्यातून केलेल्या जप्तीवर टांगलेली होती.

पुढची सतरा-अठरा वर्षे हा खटला न्यायालयांत वर-खाली होत राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने पहिल्या प्रकरणात दोघांना फाशी सुनावली. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यात पंधेरला निर्दोष सोडले आणि कोलीची फाशी कायम केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. सप्टेंबर २०१४ मध्ये मेरठच्या तुरुंगात फाशीची तयारी झाली असताना रात्री उशिरा सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जानेवारी २०१५ मध्ये दयेच्या अर्जाला झालेल्या विलंबामुळे त्या शिक्षेचे जन्मठेपेत रूपांतर झाले.

मग १६ ऑक्टोबर २०२३ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने उरलेल्या बारा प्रकरणांत कोलीला आणि दोन प्रकरणांत पंधेरला निर्दोष ठरवले. न्यायालयाचा रोख तपासावर होता. कबुलीजबाब साठ दिवसांच्या कोठडीनंतरचा, वकिलाची परिणामकारक मदत न मिळता घेतलेला. आरोपीने दाखवले म्हणून सांगाडे मिळाले म्हणावे तर त्या जागेची माहिती लोकांना आधीच झालेली. जप्तीचे कागद धड नाहीत. आणि घराच्या आत एकही सांगाडा मिळालेला नाही. मंत्रालयाच्या समितीने अवयवांच्या व्यापाराची शक्यता तपासायला सांगितले होते, तीही तपासली गेली नाही. हा जनतेच्या विश्वासाचा घात आहे अशा अर्थाचे कडक शब्द न्यायालयाने वापरले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविरुद्धची अपिले फेटाळली. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या नेतृत्वाखालील खंडपीठाने कोलीची उपचारात्मक याचिका मान्य करून त्याला शेवटच्या प्रकरणातही निर्दोष सोडले. इतक्या दीर्घ तपासानंतरही खरा गुन्हेगार कोण हे कायद्याच्या कसोटीवर सिद्ध होऊ शकले नाही, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला.

म्हणजे आज निठारीच्या एकाही मुलाच्या मृत्यूसाठी कुणीही दोषी ठरलेले नाही. एक माणूस जवळजवळ एकोणीस वर्षे तुरुंगात राहिला, फाशीच्या तख्तापर्यंत जाऊन आला, आणि ज्या पुराव्यावर हे झाले तो पुरावा टिकणारा नव्हता. मुलांच्या आईबापांसाठी याचा अर्थ असा, की मूल हरवले तेव्हा कुणी शोधले नाही आणि हाडे सापडली तेव्हा कुणी नीट तपासले नाही.

हे दोन दोष वेगळे नाहीत. तक्रार आली त्या दिवशी गुन्हा नोंदला असता, तर शेजाऱ्यांचे जबाब ताजे मिळाले असते, घरे आणि नाले वेळेवर पाहिले गेले असते, प्रत्येक मुलाचा वेगळा कागद तयार झाला असता. दोन वर्षे तो झाला नाही, आणि मग अवघ्या काही आठवड्यांत, जमावाच्या आणि कॅमेऱ्यांच्या समोर, तो सगळा एकदम उभा करायचा प्रयत्न झाला. घाईने केलेली जप्ती आणि कोठडीतला कबुलीजबाब यांची मुळे त्या न झालेल्या नोंदीत आहेत.

कायद्यात काय बदलले

तरीही निठारीनंतर काहीच झाले नाही असे म्हणणे खरे नाही. ज्या सप्टेंबर २००६ मध्ये निठारीतले पालक अजून ठाण्यात खेटे घालत होते, त्याच महिन्याच्या २२ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचा प्रसिद्ध निकाल दिला. ती याचिका उत्तर प्रदेशचेच माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांची होती. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे, हा त्यातल्या सात निर्देशांपैकी एक. त्याची अंमलबजावणी राज्यांनी हात राखूनच केली.

मे २००८ मध्ये निठारीपासून फार दूर नसलेल्या गाझियाबाद जिल्ह्यातल्या लोणी इथे एक अल्पवयीन मुलगी बेपत्ता झाली. तिच्या वडिलांना तोच अनुभव आला आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 'ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार' म्हणून हे प्रकरण ओळखले जाते. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी घटनापीठाने निकाल दिला : दखलपात्र गुन्ह्याची खबर असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे; ठाणेदाराला त्यात निवडीचा अधिकार नाही. आज देशभरातले वकील रोज ज्या निकालाचा दाखला देतात, त्याच्या मुळाशी एका हरवलेल्या मुलीच्या बापाची न घेतलेली तक्रार आहे.

त्याच वर्षी, १० मे २०१३ रोजी, 'बचपन बचाओ आंदोलना'च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आणखी नेमका आदेश दिला होता. मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी वाहतूक आहे असे गृहीत धरायचे. 'पळून गेली असेल' हे गृहीतक त्या दिवशी कायद्याने उलटे फिरवले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०१६ च्या अहवालापासून बेपत्ता व्यक्तींचे आकडे दिले जाऊ लागले. २०१४ मध्ये गाझियाबाद पोलिसांनी हरवलेली मुले शोधण्याची 'ऑपरेशन स्माइल' ही मोहीम काढली. तीच पुढे देशभर गेली आणि महाराष्ट्रात 'ऑपरेशन मुस्कान' या नावाने आजही राबवली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची तरतूद कायद्यात लिहिली. १९७८ च्या दिल्लीत ज्या घोळात खबर अडकली, त्यावरचे उत्तर लेखी स्वरूपात यायला शेहेचाळीस वर्षे लागली.

महाराष्ट्राला यात दुरून बघण्याची मुभा नाही. १९९० ते १९९६ या काळात अंजनाबाई गावित आणि तिच्या मुलींच्या टोळीने वेगवेगळ्या जिल्ह्यांतून लहान मुले पळवली. चोरी करताना आडोसा म्हणून ती वापरली आणि त्यांतल्या काहींना ठार केले. सहा वर्षे हे चालले, कारण पळवलेली मुले बहुतेक गरिबांची होती आणि एका ठाण्यातली हरवल्याची नोंद दुसऱ्या ठाण्यातल्या नोंदीशी कुणी ताडून पाहत नव्हते. प्रकरण फुटले ते एका कौटुंबिक वैरातून झालेल्या तक्रारीमुळे. तिथेही वाचा फोडली ती वहीने नव्हे.

क्षोभ आणि नोंद

लोकक्षोभाविषयी आपल्याकडे दोन टोकाची मते असतात. एक म्हणते, लोक रस्त्यावर उतरल्याशिवाय काही होत नाही. दुसरे म्हणते, जमाव हा न्यायाचा शत्रू असतो. निठारी दोन्ही मतांना अर्धा अर्धा पुरावा देते. लोक उतरले नसते तर तपास स्थानिक ठाण्यातच राहिला असता, समित्या नेमल्या गेल्या नसत्या, आणि हरवलेली मुले हा विषय इतक्या लवकर राष्ट्रीय झाला नसता. पण ज्या क्षोभाला पोलिसांच्या निष्काळजीपणाचा राग होता, त्याच क्षोभाने पुढे तपासाला निष्काळजी व्हायला जागा दिली. गुन्हेगार सापडल्याची घोषणा हवी होती. पुरावा नीट गोळा होतो आहे का, हे पाहायला कुणी थांबले नाही. ज्यांनी नोंद न घेतल्याचा जाब विचारला, त्यांनी खोटी किंवा कच्ची नोंद होऊ नये म्हणून तसाच जाब विचारायला हवा होता. हे त्या आईबापांचे काम नव्हते. वाहिन्यांचे, वकिलांचे, शहरी सुशिक्षितांचे, म्हणजे ज्यांचे पोर हरवले नव्हते अशा सगळ्यांचे ते काम होते.

या सर्व काळात टिकाऊ असे जे काही झाले, ते दगडांनी किंवा फाशीच्या मागणीने झालेले नाही. त्या तरुणीचे वडील ऑक्टोबर २००६ मध्ये एक एफआयआर मिळवून आले आणि एवढे मोठे प्रकरण उघडे पडले. लोणीच्या त्या बापाने एक एफआयआर मागितली आणि सगळ्या देशाचा कायदा स्पष्ट झाला. दोघेही सामान्य परिस्थितीतले. त्यांनी ठाण्याच्या दारातून परत जायचे नाकारले आणि वरचे दार ठोठावले. त्यांचा राग कुणापेक्षा कमी नसणार, पण तो त्यांनी कागदावर उतरवून घेतला.

मूल हरवलेल्या माणसाला तक्रारीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागणे ही अर्थात कायद्याची थोरवी नव्हे. २०१३ च्या आदेशांची खरी परीक्षा होते ती एखाद्या ठाण्यात संध्याकाळी सात वाजता, समोर धुणीभांडी करून आलेली बाई उभी असते आणि अंमलदाराला कोणती वही उघडायची ते ठरवायचे असते तेव्हा. त्या बाईला ललिता कुमारी कोण हे ठाऊक नसते. अंमलदाराला ठाऊक असते. निठारीच्या मुलांना न्याय मिळाला नाही, आणि आता तो मिळण्याची शक्यताही फार थोडी उरली आहे. त्यांच्यामुळे पुढच्या मुलाच्या वाट्याला निदान पहिल्याच संध्याकाळी एक गुन्हा क्रमांक येतो का, हे मात्र अजून प्रत्येक ठाण्यात रोज ठरायचे आहे.